इतिवृत्त

वाढोण्यात सोसायटीच्या गोदामात
महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भरतं आमचं मंडळ.
युरियाची पोती एका भिंतीला सरकवायची,
बत्तीस खुर्च्या मांडायच्या. त्यातल्या चार लंगड्या,
त्यांवर पदाधिकारी बसतात.
मी सचिव. वही माझ्याकडे, शालही माझ्याकडे.

शाल एकच आहे. मरून, सोनेरी काठाची.
पाहुण्यांना पांघरतो, टाळ्या होतात,
आणि आर्वीची गाडी यायच्या आधी
मी हळूच म्हणतो, "साहेब, तेवढी राहू द्या."
आजवर कुणी रागावलं नाही.
नारळ मात्र नेऊ देतो.

वहीत लिहितो विषय, वेळ, उपस्थिती.
पण विषय बहुतेक वहीतच राहतो;
लोक भलतंच काहीतरी घेऊन घरी जातात.

डॉक्टर काळमेघ मोतीबिंदूवर तासभर बोलले.
गावाला आठवतं ते एवढंच
की शेळीची बाहुली आडवी असते.
दुसऱ्या दिवशी उजाडताच अर्धं गाव
शेळ्यांच्या तोंडाशी वाकलेलं,
आणि शेळ्या परेशान.

बँकेच्या देवतळे मॅडम म्हणाल्या,
ओटीपी कुणालाच सांगायचा नाही.
मागून गणपत उईके उठला,
"आन् बायकोले?"
मॅडम थांबल्या. बायकांची रांगही थांबली.
हे थांबणं वहीत कसं लिहितात
मला अजून कळलेलं नाही.

जितू सहारे, सर्पमित्र, रिकामी बरणी घेऊन आला.
"साप दिसला का आधी पाय थांबवा, मंग तोंड."
जुलैत माझ्याच न्हाणीत निघाला.
पाय थांबवले.

शेवंता नागोसे मोटारी भरते, रोहण्याला दुकान आहे.
तिनं भाषण केलंच नाही.
जळकी वाइंडिंग रांगेतून फिरवली,
"हुंगा. ध्यानात ठेवा.
हा वास आला का पह्यले बटन बंद,
इचार नंतर."
पोतदारांच्या सुनेनं दोनदा हुंगून पाहिलं.

मग मार्चात नथ्थूजी भोयर.
छोट्या लाइनीवर एकतीस वर्षं फाटकवाले,
लाइन बंद पडली, घुंगशीला असतात.
सोबत कंदील, एका बाजूला लाल काच, एका बाजूला हिरवी.
बोलायला उभे राहिले तेव्हा हात कुठं ठेवावेत
ते त्यांना समजेना,
म्हणून कंदील धरला. मग जमलं.

रात्री दोन-दहाची गाडी.
हिरवा दाखवायचा, डायव्हर बारीक शिटी द्यायचा.
त्याचं तोंड कधी दिसलं नाही.
"आजही दोन-दहाले उठतो म्या."
कुणीतरी विचारलं, उठून करता काय आता?
"लघवीले जातो बाप्पा."

गोदाम हसून हसून दमलं.
मग त्यांनी वात पेटवली, शटर अर्धं ओढायला सांगितलं,
आणि हिरवी काच आमच्याकडे वळवली.
एकेक तोंड हिरवं होत गेलं,
पोती, खुर्च्या, अध्यक्षांची टोपी.
कुणी बोललं नाही.
पोरं मात्र आपापले हात उलटेसुलटे करून पाहत होती.

शाल त्यांच्या खांद्यावरच राहिली.
मी फाट्यापर्यंत मागे गेलो, वाक्य तोंडात तयार.
तिथं ते शाल काढून
कंदिलाला गुंडाळत होते, काच फुटू नये म्हणून,
लहान पोराला गुंडाळतात तशी, डोक्याकडून.
मी म्हणालो, "सांभाळून जा."

वहीत खर्चाच्या बाजूला लिहिलं, शाल, नग एक.
खजिनदारानं कारण विचारलं.
मी म्हटलं, हरवली.

पुढचे तीन पाहुणे आम्ही
खजिनदाराच्याच दुपट्ट्यावर भागवले.
माती परीक्षणवाल्यांना तो आखूड पडला.

दिवाळीच्या तोंडावर कंडक्टरनं
खिडकीतून एक पुडकं दिलं.
आत शाल. धुतलेली, घडी घातलेली.
चिठ्ठी नाही. निरोप विचारला तर म्हणाला,
"मले काय मालूम, म्हाताऱ्यानं देल्ली."

आता ती पांघरली की पाहुणे
जरासे नाक उडवतात, इकडेतिकडे पाहतात.
"रॉकेलचा वास येतो का हो?"

येतो, मी म्हणतो.
आधीच्या वक्त्यांचा आहे.